जेवायची हाक

लग्नानंतर थोड्याच दिवसांत आमच्या आईनं गाणं सोडलं. भाकऱ्या थापताना ती काहीतरी गुणगुणत होती आणि वडील हसत म्हणाले, "अगो, तुझा सूर लागत नाय." ते विसरले, ती नाही. गणपतीत सगळं घर आरतीला घसा ताणायचं आणि ही ओठ मिटून झांजा वाजवायची. मला दोघांचाही राग यायचा.

जहाजावरची नोकरी संपवून वडील रत्नागिरीला आले ते सतार घेऊनच. खाऱ्या हवेत तारा गंजतात म्हणून तिचे लाड नातवंडांहून जास्त. वाजवायच्या तारांखाली बारीक तारांची आणखी एक रांग असते, तिला तरफ म्हणतात. तिला छेडावं लागत नाही. तिचा नेमका सूर शेजारी कुठे लागला, की ती आपली आपण गुणगुणते. हे मी वडिलांकडून इतक्यांदा ऐकलं होतं की कान किटले होते.

गेल्या मे महिन्यात मी पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत होते. वडिलांनी मोबाइलवर तंबोरा लावून सकाळभर तरफ जुळवली, मोबाइल बंद केला आणि सतार भिंतीला टेकवली. तेवढ्यात आई दारात आली.

"जेवायला चलाऽ!"

सतार वाजली. कुणी हात लावला नव्हता. 

"परत हाक मार," वडील म्हणाले.

"कान गेले काय तुमचे? जेवायला चलाऽऽ!"

पुन्हा तोच झंकार, या वेळी जास्त लांबलेला. वडिलांनी एकेक तार चाचपली. "गंधार," ते पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तू गंधारावर हाक मारतेस. रोज."

"म्हणजे काय?"

"बेसूर आवाजाला तरफ बोलत नाय, अगो. तेव्हा मीच चुकलो."

आता ती त्यांची खरडपट्टी काढणार, असं मला वाटलं. खरं तर मला ते हवंच होतं. पण आईनं हातातला डाव नुसता पदराला पुसला. वडिलांनी सतार मांडीवर घेतली.

"तुझा सा दे. मी सतार त्याला लावतो."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कोंडलेल्या आवाजात 'आ' लावला. तो थरथरला, घसरला, मग ठरला. वडील खुंटी पिळत राहिले. आत पानावर भात निवत होता. तार जुळली, वडिलांनी हात काढला, तरी तिनं सूर सोडला नाही.