बियाण्याचं कणीस

आज सकाळी येलहंकाच्या आमच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या अक्कांनी त्यांच्या गावची ज्वारीची कणसं आणून दिली. मी ती पाखरांसाठी गॅलरीत टांगली.

दुपारी बघते तर आईने सगळ्यात टपोरं कणीस सोडवून घेतलेलं. म्हणाली, "हे बियाण्याचं. पाखरांना बाकीची पुरेत."

गावी असं कणीस चुलीच्या वर टांगायचे, धुराने कीड लागत नाही म्हणून. इथे चूल कुठली? आईने ते देवघरापाशी बांधलं, अगरबत्तीच्या धुरात.

आमचं शेत गेल्या वर्षीच विकलं. मी विचारलं, "आई, पेरणार कुठे?"

"ते नंतर बघू. आधी कीड लागायला नको."

तुमच्याकडे बियाणं कुठे टांगायचे?

मला अगरबत्तीने शिंका येतात. तरी आज दिवेलागणीला मीच लावली.