हिरव्या नंदीचा बोजारा

तान्ह्या पोळ्याची सकाळ. सिंदी रेल्वे या गावातली आमची गल्ली लाकडी नंद्यांच्या चाकांनी खडखडत होती... आणि मी खिडकी घट्ट लावून वडे तळत होते.

खिडकी अशासाठी, की समोर नामदेवराव राहायचे. रेल्वेत पक्की नोकरी, जाड भिंगाचा चष्मा... आणि आमच्या कर्जाचे जामीनदार.

ही गल्लीत एकाच घरी टीव्ही होता तेव्हाची गोष्ट. नणंदेचं लग्न आम्ही थाटात लावलं होतं. मग पतसंस्थेचं कर्ज थकलं, वाण्याचं थकलं, सोनाराचं तर विचारूच नका. शेवटी पतसंस्थेनं दया येऊन नवे, लहान हप्ते बांधून दिले. अट एकच... लागोपाठ दोन चुकले की सवलत रद्द, सगळी रक्कम एकदम, आणि वसुली थेट जामीनदाराच्या पगारातून.

आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी. पावसाळ्यात कापूस नाही, जिन बंद, पगार अर्धा. श्रावणातला एक हप्ता चुकलाच होता... आणि दुसरा चार दिवसांवर आला होता.

तेव्हापासून नामदेवरावांची सायकल रोज संध्याकाळी आमच्या दारापाशी हळू व्हायची. मान आत यायची.

"काय शिजून राह्यलं वहिनी?"

"वरण."

"नुसतंच?"

आता या "नुसतंच"ला काय उत्तर द्यावं माणसानं? कर्जदाराच्या घरी फोडणीचा वास आला तरी तो पुरावा असतो. माहेरून आलेलं नवं लुगडं मी पेटीच्या तळाशी दडवून ठेवलं होतं. आरसा पुसायलाही भीती वाटायची, नवा दिसला म्हणजे?

बरं, बाकी गाव कसं, तर नातेवाईक रस्ता बदलायचे. ज्या नणंदेच्या लग्नापायी हे सगळं झालं, तिचं सासर स्टेशनपलीकडेच, पण तिला आमच्या गल्लीची वाट सापडेनाशी झाली होती.

तर त्या दिवशी आमच्या पाच वर्षांच्या चिमीला नंदी हवा होता. विकत घ्यायची सोय नव्हती, म्हणून ह्यांनी जिनमधल्या सुताराकडून उरलेल्या फळ्यांचा एक ठोकून आणला. रंगही तिथलाच, मशीनला लावतात तो. अख्ख्या सिंदीत पांढरे नंदी, आमचा तेवढा हिरवागार... त्यातून तीन चाकं एका मापाची आणि चौथं आपल्या मर्जीचं.

आमच्याकडे पोरं नंदी घेऊन दारोदार जातात, आणि घरची माणसं त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊचे पैसे. चिमी पहिली गेली ती नेमकी नामदेवरावांच्या दारात! मी खिडकीच्या फटीतून बघत होते. त्यांनी नंदी उचलला, उलटा केला, चष्मा कपाळावर चढवून नखानं रंग खरवडला.

झालं, म्हटलं. नंदीची किंमत काढतोय हा माणूस. आता पतसंस्थेत जाऊन सांगणार, यांच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत, नंदीला आहेत.

चिमी परत आली. फ्रॉकच्या खिशात चिल्लर, आणि नामदेवरावांनी दिलेली एक कागदाची पुडी. उघडली तर आत नोटा... मोजल्या. थेट आमच्या हप्त्याएवढ्या.

माझं डोकंच फिरलं. फुकट कोण देतं? याला लिहून काय हवंय? जामीनदाराचा आता सावकार व्हायचा बेत दिसतो! तशीच पिठाच्या हातानं समोर गेले.

"नामदेवराव, हे काय आहे?"

"बोजारा."

"एवढा?"

"नंदीच्या मानानं देल्ला. हिरवा नंदी जिंदगीत पाह्यला नोता."

"थट्टा पुरे. आम्ही कुणाच्या उपकारात राहणार नाही."

"उपकार कोन करून राह्यलं?" ते उखडलेच. "दहा तारखेले तुमचा हप्ता हुकला का संस्थेची चिठ्ठी माह्या हापिसात येते. साहेब चार लोकांत इचारते, नामदेव, कुठं कुठं सह्या मारल्या बे? अन् कापतीन तं माह्याच पगारातून न? मंग रडत देन्यापेक्षा हासत देल्ले. पोरगी तरी खुश झाली."

"मग उसने समजते."

"उसने समजू नका. बोजारा वापस घेतला तं नंदी रागावते."

आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. मीही थोडी नरमले, पण तोंड ऐकेना. विचारलंच, "मग काऊन हो रोज डोकावता आमच्या घरात?"

"पाह्यतो... रातोरात सामान घेऊन पळाले तं नाई."

म्हणजे ते पाळत ठेवतात हा माझा संशय अगदी खरा होता. त्यांनाही आमचा संशय होताच. दोघांनाही एकमेकांची खात्री नव्हती, आणि हप्ता मात्र वेळेवर भरला गेला.

दिवाळीनंतर कापूस आला, जिन सुरू झाला, पूर्ण पगार आला. पुढचे हप्ते आमचे आम्ही भरले. नामदेवरावांना पैसे परत द्यायला गेलं की ते नंदीचा राग पुढे करायचे.

म्हणून मी पुढच्या तान्ह्या पोळ्याची वाट पाहिली. त्यांचा नातू नंदी घेऊन दारात आला, तशी त्याच्या हातावर तशीच पुडी ठेवली, तेवढ्याच नोटांची. समोरच्या ओट्यावर नामदेवरावांनी ती उघडली, मोजली, आणि एकेक नोट उन्हात धरून खरी आहे का बघितली. मग माझ्याकडे बघून मान हलवली... जमलं म्हणून.

माझ्या मनातला त्यांच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण त्या दिवसांत सगळं गाव नजर चुकवत होतं, तेव्हा रोज आमच्याकडे बघणारा तो एकच माणूस होता... संशयानं का होईना.

त्या वर्षी वडे तळताना मी खिडकी सताड उघडी ठेवली.