मोरीनआत्यानं ठेवलेलं नाव

इथे आखातात, कुरुमच्या किनाऱ्यावर उकडलेल्या हरभऱ्यांच्या गाडीजवळून गेलं, की मला रोननच्या बारशाच्या घुगऱ्या आठवतात.

अठरा वर्षं झाली. नणंदेला व्हिसा मिळाला नाही, म्हणून आमची आयरिश शेजारीण मोरीन आत्या व्हायला तयार झाली. "बाळाच्या कानात नाव आत्या सांगते," एवढंच मी तिला सांगितलं होतं. ते नाव आम्ही आधीच ठरवलंय, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

खोलीत लोबानचा धूर. नेसलेल्या माझ्या हिरव्या साडीच्या निऱ्या मुठीत धरून मोरीन पाळण्यावर वाकली, कुर्रर्र केलं, पाठीवर बायकांचे धपाटे हसत खाल्ले आणि आठवडाभर विचार करून निवडलेलं नाव तिनं सांगितलं, "रोनन!" तिच्या आजोबांचं नाव.

तांदळावर अंगठीनं 'अद्वैत' लिहिलेलं ताट माझ्या मांडीवरच होतं. मला रडू फुटलं.

सासूबाईंनी ते ताट घेतलं, तळहातानं तांदूळ सपाट केले आणि ताट मोरीनपुढे ठेवलं. "आत्यानं ठेवलं तेच नाव. लिही गं बाई."

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

येत्या महिन्यात रोनन शिकायला डब्लिनला निघालाय. एवढ्या लांब, एकटा, म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला. काल मोरीनचा फोन आला. ती मायदेशी परत गेली त्याला दहा वर्षं झाली. बोलली सगळं इंग्रजीत, फक्त एक शब्द मराठीत.

"काळजी कसली करतेस? त्याला घ्यायला विमानतळावर आत्या येतेय."