गच्चीला आणि मला लागलेला चुना

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात रिटायर होईपर्यंत मालाची तपासणी केली. सदोष माल माझ्या नजरेतून कधी सुटला नाही. माणसं तपासायचं काम मात्र कारखान्याने मला कधीच दिलं नाही. कारखाना अजून नीट चालू आहे.

त्या दुपारी नीलिमा, म्हणजे आमची ही, भिशीसाठी शहाडला गेलेली. मी डोंबिवलीच्या घरी एकटाच. बेल वाजली. दारात दोघं उभे. तोंडाला मास्क, अंगात एकसारखे निळे टी-शर्ट, त्यावर छापलेलं : 'वॉटरप्रूफिंग तज्ज्ञ'. (छापील मजकुरावर माझा फार विश्वास.)

"काका, शेजारच्या बिल्डिंगमध्ये काम चालू आहे आमचं. जाता जाता तुमची बिल्डिंग बघितली. राहवलं नाही."

"का? काय झालं?"

"घरात लहान मुलं आहेत?"

"नाही."

"बरं आहे," असं म्हणून त्याने छताकडे बघितलं. मीही बघितलं. हॉलच्या कोपऱ्यात ओलीचा एक डाग होताच. रोज बघत होतो, पण इतका भयंकर तो कधी दिसला नव्हता.

त्याने खिशातून रिमोटसारखं एक यंत्र काढून भिंतीला टेकवलं. यंत्र किंचाळलं! समोरच्या भिंतीला टेकवलं. किंचाळलं! शोकेसला टेकवलं, तरी किंचाळलं!

"लाकडापर्यंत पोचली, काका."

तेवढ्यात दुसरा गच्चीवर जाऊन खाली आला. हातात सिमेंटचा हा एवढा तुकडा.

"नुसता हात लावला, निघून आला."

त्यानंतर मी काही विचारलंच नाही. किचनला ट्रॉल्या बसवायला नीलिमाने कपाटात ठेवलेले पैसे काढले आणि दिले. बिल मागितलं, तर तो कळवळून म्हणाला, "कशाला काका? टॅक्स उगाच तुम्हाला पडेल." परक्या माणसाला माझी एवढी काळजी! मी हेलावलोच.

मग एका मोठ्या ड्रममधलं जर्मन केमिकल गच्चीवर फासण्यात आलं. वास उग्र असतो, तुम्ही वर येऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. मी गेलो नाही. उलट चहा केला आणि निघताना माझ्या ताईचा कल्याणचा पत्ताही दिला. "एकटी असते हो. तिच्याकडेही बघून घ्या."

"आत्ताच जातो," दोघं एका सुरात म्हणाले.

नीलिमा आली. मी सिमेंटचा तुकडा तिच्यासमोर ठेवून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. (तिचं शांतपणे ऐकणं मला आवडत नाही.)

"म्हणजे गच्ची गळत होती?"

"होती. आता नाही."

"अहो, मग मोरे वहिनी काय पोहत होत्या का?"

मोरे वहिनी आमच्या वर, चौथ्या मजल्यावर राहतात. गच्ची त्यांच्या डोक्यावर आहे. आमच्या डोक्यावर त्यांचं बाथरूम आहे. ही माहिती मला पूर्वीपासून होती. फक्त ती त्या दुपारी वेळेवर आठवली नाही, एवढंच.

"ओल भिंतीतून उतरते," मी क्षीण आवाजात म्हणालो.

तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि जर्मन केमिकल पाइपातून थेट खाली, सेक्रेटरी कांबळेंच्या काळ्या स्कूटरवर उतरलं. कांबळेंनी बोटावर घेऊन चोळून पाहिलं आणि वर बघून ओरडले, "पाटणकर, चुना लावलाय!" नेमका कुठे, हे मी विचारलं नाही.

आणि मग मला ताई आठवली. फोन केला, उचलेना. परत केला, उचलेना. माझं झालं ते झालं, पण ताईची पेन्शन! तसाच रिक्षात बसलो. रिक्षा पत्रीपुलावर अडकली. मी अर्धा बाहेर लोंबकळून पुढच्या गाड्यांना हात करत होतो.

ताईच्या बिल्डिंगमध्ये शिरतोय, तर बनियनवरची दोन पोरं जिन्यातून मोठा ड्रम घेऊन धडपडत खाली आलेली.

"काका, जरा हात लावा ना!"

घाईत होतो, पण नाही म्हणवेना. ड्रम ओळखीचा वाटला, पण ड्रम काय, सगळे सारखेच दिसतात. तिघांनी मिळून तो टेम्पोत चढवला.

"सावकाश जा रे," मी म्हणालो. जिन्यात दोन निळे टी-शर्ट पडले होते. ते ओलांडून धावत वर गेलो.

ताई दारातच उभी. शाळेतून रिटायर झालेली मुख्याध्यापिका. कॉपी पकडण्यात तिची हयात गेलेली.

"तांदळाच्या डब्याला लाव म्हटलं ते यंत्र, तर तिथेही वाजलं! म्हटलं, आता बटणावरचा अंगठा उचल आणि परत लाव. मग कुठलं वाजतंय? पोलिसांना बोलवते म्हटल्यावर पळाले. आत्ताच. तुला जिन्यात भेटले असतील की रे, सुहास!"

मी पंख्याखाली बसलो.

चौकीत हवालदारांनी विचारलं, "मास्कशिवाय कुणी बघितलंय का त्यांना?"

ताईने माझ्याकडे बघितलं.

"मी," मी म्हणालो.

"कुठे?"

"टेम्पोपाशी. ड्रम चढवताना."

"ते चढवत होते, आणि तुम्ही?"

"मागची बाजू धरली होती."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "टेम्पोचा नंबर?"

"माझं सगळं लक्ष ड्रमकडे होतं, साहेब."

पैसे मिळाले नाहीत. मोरे वहिनींनी बाथरूमचा फुटका पाइप बदलला आणि आमचा डाग गुपचूप वाळला. ट्रॉल्यांचा विषय घरात निघत नाही. तो निघत नाही, हेच जास्त जाचक आहे.

पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये कांबळेंनी ठराव वाचला : "यापुढे दारावर कामाचा कोणीही माणूस आला, तर त्याला आधी पाटणकर काकांकडे पाठवावे." मला भरून आलं. शेवटी अनुभवाला किंमत असतेच! कांबळेंनी कागद उलटला आणि पुढचं वाचलं : "काकांना तो चांगला वाटल्यास गेट लावून ताबडतोब पोलिसांना बोलवावे."

ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदन नीलिमाने दिलं.