काकीचं गाळलेलं रक्त

माझी काकी कोणालाही न गाळलेलं पाणी पिऊ देत नाही. घरात नळ आला, तरी हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा दुपदरी तुकडा बांधलेलाच. काकांची सगळी नोकरी भातसानगरला, धरणावर झाली. ते चिडवायचे, "अख्खी मुंबई आमचं पाणी पिते, तुलाच तेवढं चालत नाय."

मला हिनेच लहानाची मोठी केली. माझा गुडघा फुटला की राख फासायची, तीही चुलीतली नव्हे, राबाची. पावसाआधी भाताची रोपं करायच्या जागेवर आम्ही शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळतो, तो राब. जी राख रोपाला मानवते ती माणसालाही मानवते, असा तिचा हिशेब.

दोन वर्षांपूर्वी राब भाजताना वारा फिरला आणि तिच्या पदराने पेट घेतला. ओल्या गोणपाटाने आम्ही आग विझवली, पण पाठ आणि दंड भाजून निघाले होते. गाडी येईपर्यंत ती नुसती तळमळत होती. मी मोठी शहाणी. शेजारच्या वाफ्यातली कालची गार राख ओंजळीने आणली आणि तिच्या पाठीवर फासली.

शहापूरहून तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. जखमा धुताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "राख कोणी लावली?"

"मीच," काकी म्हणाली.

स्वतःच्या पाठीवर कोणाचा हात पोचतो? बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी जंतू रक्तात पसरले. ताप चढला, रक्तदाब उतरला, काकी मला ओळखेना. बाई म्हणाल्या, "औषधं चालूच राहतील. शिवाय रक्त शुद्ध करायचं यंत्र लावून बघू. गुण येईलच असं नाही." राखेमुळेच का, असं मी विचारलं. "एवढं भाजल्यावर जंतू एरवीही शिरतात. पण राख लावायला नको होती." यातलं शेवटचं वाक्यच माझ्या डोक्यात राहिलं. काकी गेली असती तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

एका नळीतून तिचं रक्त यंत्रात जात होतं आणि गाळून दुसरीतून परत येत होतं. काका काचेबाहेर उभे होते. "शेवटी तिचंच खरं. गाळल्याबिगर काय आत जाव द्यायची नाय," ते म्हणाले आणि तोंड फिरवून रडले.

तीन दिवसांनी तिने डोळे उघडून आधी काकांच्या जेवणाची चौकशी केली. घरी यायला मात्र तिला फार दिवस लागले.

यंदा राब आम्ही भाजला, ती सावलीत बसून हुकूम सोडत होती. माझ्या मनगटावर ठिणगी उडाली. तिने मला जवळ ओढलं आणि हंड्यातलं पाणी तांब्यातांब्याने त्यावर ओतू लागली. तेव्हा मी धीर करून विचारलं, "काकी, त्या दिवशी डॉक्टरांशी खोटं का बोललीस?"

"खोटं कुठं? राख लावायला तुला शिकवली कोनी गो?" ती म्हणाली, आणि आणखी एक तांब्या भरून घेतला.