वासू मेस्त्रींचे चार ठोकळे

सौदीतल्या दम्मामच्या वर्कशॉपमध्ये त्या पिवळ्या गाडीची कड मी फोडली. वासू मेस्त्रींनी नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुण्याला आईला नाही. सांगायचं ठरवून कितीदा तरी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि नुसतं मीठ मागितलं.

आता सांगतो. पण आधी मेस्त्री सांगायला हवेत, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही.

वासू मेस्त्री कुडाळकडचे. अमेरिकन गाड्यांच्या त्या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षं मेकॅनिक. मी तिथला सर्व्हिस इंजिनिअर. हुद्द्यानं त्यांच्या वर, वयानं दहा वर्षांनी लहान. नवी गाडी आली की बाकीचे तिच्याभोवती फिरत, फोटो काढत. मेस्त्री पुठ्ठा अंथरून सरळ तिच्याखाली शिरत. बाहेर फक्त बूट दिसत आणि आतून आवाज येई, "वरचा सगळा लग्नातला कोट हो. माणूस बघायचा तर कोट काढून बघा." बाहेर आल्यावर हात पुसत ठरलेला प्रश्न: "साहेब, जीव खंय आसा हिचो?" जीव म्हणजे गाडी जिथे तोलून राहील ती जागा. ती सापडेपर्यंत ते कुणाला गाडी उचलू देत नसत.

त्या नव्या स्पोर्ट्स कारनं मात्र त्यांना अस्वस्थ केलं. पिढ्यान्‌पिढ्या या गाडीचं इंजिन पुढे. लांब नाक हीच तिची ओळख. नव्या मॉडेलमध्ये अमेरिकावाल्यांनी इंजिन उचलून सीटच्या मागे ठेवलं आणि वर काच बसवली. पहिली गाडी ट्रकवरून उतरली तेव्हा मेस्त्री पुठ्ठा काखेत धरून तिच्याभोवती तीनदा फिरले.

"पुढून बघा, झेप घेतेय. मागून बघा, पंगतीतून उठलीय."

मी म्हटलं, "मेस्त्री, सगळं जग हिच्या डिझाईनवर खूष आहे."

"जग पुढूनच बघतं."

मग आत बसले. चौकोनी स्टिअरिंगवरून हात फिरवून म्हणाले, "ह्याच्यावर बसायचं की धरायचं? पाटच आहे." दोन सीटांच्या मध्ये बटणांची उंच रांग होती. "ही भिंत बाकी झकास. बायको रुसली तर तोंड दिसायला नको." काचेखालचं इंजिन बघून म्हणाले, "मखरात बसवलाय." आणि एवढी उलथापालथ करूनही वॉल्व्ह ढकलायला त्याच जुन्या पद्धतीच्या दांड्या ठेवल्यात हे कळल्यावर तर मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणतात अक्कल! घर बदललं, पण चूल जुनीच नेली."

काळजी वेगळीच होती. "आपले हात सवयीनं पुढे जाणार, साहेब. इतकी वर्षं पुढचं वजन धरून लिफ्ट लावलीय. हिचा जीव मागे गेलाय. कोणतरी हिला पाडणार." उचलायच्या जागी चार खाचा होत्या. त्यांत बसणारे ठोकळे मागवले होते, आले नव्हते. मेस्त्रींनी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून कडक रबराचे चार ठोकळे कापले, खाचांत अगदी घट्ट बसणारे, आणि स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवले.

त्या दुपारी पिवळ्या गाडीचा मालक आला. तरुण सौदी, घाईतला. खालून खडखड येते म्हणाला. मेस्त्री जेवायला गेले होते, वर्कशॉप रिकामं होतं, आणि तो घड्याळ बघत "यल्ला, यल्ला" करत होता. मी त्याला बाहेर गिऱ्हाइकांच्या खोलीत बसवलं आणि मनात म्हटलं, पाच मिनिटांचं काम, मीच बघतो. इंजिनिअर मी, मला ठोकळे कशाला लागतात? हात सवयीनं पुढे गेले. गाडी फूटभर उचलली, नाक वर आलं, मागचा भार जागचा हलेना, लिफ्टचा एक हात घसरला आणि दाराखालची कड कडकन फुटली.

मी गाडी खाली घेतली. मी शांतपणे लिफ्ट मोकळी केली आणि ऑफिसात जाऊन बसलो.

या मॉडेलच्या सगळ्या गाड्या मेस्त्रींकडे असत, त्यामुळे जॉब कार्डवर नाव त्यांचंच होतं. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, इजिप्तचा. हिंदी त्याला येत नसे. मेस्त्रींची इंग्रजी आणि अरबी कामापुरती. त्यामुळे दोघांच्या मध्ये दुभाषा कायम मी. केबिनमध्ये मालक ओरडत होता. मुदीरनं विचारलं, कुणी उचलली?

मेस्त्री माझ्याकडे वळले. कड बघूनच त्यांना सगळं कळलं होतं. "साहेब, त्यांना सांगा, मी जेवायला गेलो होतो. बिनठोकळ्याची मी हिला उचलणार नाय, हेही सांगा. बाकीचं तुम्ही सांगा."

माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. आम्हा तिघांचे इकामे, म्हणजे राहायचे परवाने, त्या एका नोकरीवर. ही कारणं मी इतकी घोकली आहेत की आता ती पाठांतरासारखीच वाटतात.

मी मुदीरला इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतोय, सॉरी."

सॉरी हा शब्द मेस्त्रींना येत होता.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे. "खलास," मुदीर म्हणाला. आठवड्याभरात त्यांना कायमचं परत पाठवलं. निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेले चार ठोकळे माझ्या टेबलावर ठेवले. "तुमका लागतले," एवढंच म्हणाले. टोमणा होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा नव्हता. पुढची गाडी पडू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात असणार.

आता ते कुडाळला रिक्षा दुरुस्त करतात. एकदा कतारमध्ये नोकरी मिळत होती. तिथल्या कंपनीनं आमच्याकडे चौकशी केली. मुदीरनं उत्तर मला लिहायला सांगितलं. निष्काळजीपणामुळे काढले, असं मी लिहिलं.

परवा त्यांचा आवाज आला फोनवर, रेकॉर्ड करून पाठवलेला. "साहेब, नव्या मॉडेलात पुढच्या चाकांना विजेची मोटर लावलीय म्हणे? मग आता जीव खंय सरकलो? जरा खाली शिरून बघा नि सांगा." मी पुठ्ठा अंथरला आणि इस्त्रीच्या कपड्यांत गाडीखाली शिरलो. वर्कशॉपमधले मेकॅनिक हसले. मग उत्तर पाठवलं: थोडा पुढे आलाय, पण अजून मागेच आहे. त्यांनी लगेच शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. बोलायचं बटण मी त्यानंतर बराच वेळ दाबून धरलं होतं. पाच सेकंद, दहा सेकंद, नुसता एसीचा आवाज. मग पुसून टाकलं.

मुदीर अजून तोच आहे. त्याची केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. मेस्त्री जेवायला गेले होते आणि गाडी मी उचलली: ही दोन वाक्यं त्या केबिनमध्ये, मुदीरला समजेल अशा भाषेत, मी वासू मेस्त्रींना देणं लागतो.