दादांची निवांत सहल

जगात निर्दोष अशी एकही वस्तू नाही, आणि असलीच तर ती अजून माझ्या मेव्हण्यांच्या नजरेला पडलेली नाही. माझ्या बायकोचे हे थोरले भाऊ. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात गाडीचं दार आणि बॉडी यांच्यातली फट तपासण्यात त्यांचा जन्म गेला. आणि जित्याची खोड म्हणतात तसं, कारखान्याचं गेट ओलांडलं तरी तपासणी काही थांबत नाही. आम्ही घर घेतलं तेव्हा हातातला पेढा तसाच धरून त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावरून अंगठा फिरवला आणि "आल्झो, तर मग, डावीकडचं दार जरा खाली आहे" एवढाच आशीर्वाद दिला. एकदा कुणाकडे गणपतीत आरती सुरू व्हायच्या बेतात होती, तर हे म्हणाले, "मखर उजवीकडे कललंय." झालं! यजमान पुठ्ठ्याचे तुकडे शोधत पलंगाखाली शिरले, निरांजन विझलं, पोरं भुकेनं रडायला लागली. आणि मखर खरंच कललेलं होतं हो, हाच तर ताप! माणूस चुकीचा असता तर भांडता तरी आलं असतं.

वहिनी लवकर गेल्या. लेकीला दादांनी एकट्यानं वाढवलं. शाळेत जाताना तिच्या वेण्या घालायचे. भांग सरळ आला नाही की सोडून पुन्हा घालायचे, आणि बिचारीची बस चुकायची. पोर मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. दोन वर्षांपूर्वी तिनं आपल्या जर्मन मित्राला घरी जेवायला आणलं. मुलगा चांगला, वरण पुन्हा मागून घेतलं त्यानं. दादांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि त्याला कळणार नाही अशा बेतानं मराठीत म्हणाले, "मुलगा बरा आहे, पण फिनिशिंग नाही." त्याला नाही कळलं. तिला कळलं. "एस राइश्ट, बाबा!" बस झालं आता, एवढं बोलून ती ताटावरून उठली आणि रेगेन्सबुर्गला राहायला गेली ती पुन्हा घरी आलीच नाही. दिवाळीला एक मेसेज, वाढदिवसाला एक मेसेज, की संपलं.

या एप्रिलमध्ये अचानक तिनं कळवलं, रविवारी दुपारी तो आणि मी, आम्ही दोघं तुम्हाला भेटू शकतो. दादांनी लगेच आम्हाला फोन केला. "शनिवार-रविवार रेगेन्सबुर्गला जाऊ या. निवांत. वसंत ऋतू आहे, हवा छान आहे." दादांच्या तोंडी वसंत! मी हसायला लागलो, पण बायको म्हणाली, "हसू नकोस. दादाला एकट्यानं जायची भीती वाटतेय."

हवा छान वगैरे काही नव्हती. आभाळ राखाडी, डॅन्यूब गढूळ, आणि झाडांना पालवी फुटली होती तीही नाइलाजानं फुटल्यासारखी. दादांनी आल्या आल्या कामाला सुरुवात केली. हॉटेलची खिडकी नीट लागत नव्हती. कॅथेड्रलचे मनोरे त्यांच्या मते सारखे नव्हते. दगडी पुलाच्या कमानी तर मुळीच नव्हत्या. "अहो दादा, शेकडो वर्षं उभा आहे तो पूल," मी म्हणालो. "उभा आहे, मान्य. पण कमानी सारख्या नाहीत." शेवटी बायको भर पुलावर कडाडली, "दादा, उद्या तोंडाला कुलूप लाव! एवढा एकच दिवस आहे. पोर परत मिळेल नाहीतर कायमची जाईल." दादा कठड्याला टेकून खाली पाण्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझं नेमकं काय चुकतं, तेवढं मला दिसत नाही गं." मला फार वाईट वाटलं त्यांचं.

रविवारी नदीकाठच्या कॅफेत आम्ही वेळेच्या कितीतरी आधी जाऊन बसलो. दोघं आली. मुलाच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं आत दुमडलेली. मी घाईघाईनं मेन्यूकार्ड दादांच्या डोळ्यांसमोर धरलं. पोर खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या, एका दमात, जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, आम्ही फेब्रुवारीत लग्न केलं. रजिस्टर. दोन मित्र होते, बाकी कुणी नाही."

दादा उठले. मला वाटलं, संपलं, निघाले आता. त्यांनी आपली खुर्ची मागे ओढली, रुमालानं पुसली आणि त्या जर्मन पोराला शुद्ध मराठीत म्हणाले, "या जावईबापू, इथे बसा. तिकडे वारा लागतो." इतकी वर्षं मी त्या घरचा जावई आहे, माझ्यासाठी ते कधी अर्धवटही उठले नव्हते! त्याला अक्षरही कळलं नाही, पण तो बसला. पोर वडिलांकडे बघतच राहिली. मग हवेवर बोलणं झालं, नोकरीवर झालं, केक झाला. दादा दुसऱ्या खुर्चीवर, वाऱ्यात बसले होते. त्या दोघांना पुढे कुठेतरी जायचं होतं. जाताना तिनं बाबांना मिठी मारली, घाईघाईची, पण मारली.

संध्याकाळी आम्ही परतीच्या गाडीत बसलो. बाहेर मोहरीसारखी पिवळी शेतं मागे पळत होती. बायको म्हणाली, "दादा, बरं झालं ना सगळं?"

"हो, बरंच झालं," ते म्हणाले. "एक विचारायचं राहिलं."

"काय?"

"लग्नात साडी नेसली होती का गं ती?"

बायकोनं त्यांचा हात हातात घेतला. आम्हाला तरी कुठे माहीत होतं!